नाव कुणाचे, नांगर कुणाचा?

(महामारीच्या काळात शासनाने शेतकऱ्यांना दिलेली रोख मदत आणि महानगराच्या कडेची शेती या विषयावर काशीमीरा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



काशीमीऱ्याच्या नाक्यावर उभे राहून 'शेती' हा शब्द उच्चारला तर ऐकणारा चमकून पाहील. समोरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग वाहतो आहे, एका अंगाला मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींची रांग आहे आणि थोडे उत्तरेला गेले की घोडबंदरचा रस्ता ठाण्याकडे वळतो. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली, २००२ साली ती महानगरपालिका झाली. त्याआधी ही सारी गावे होती. भातखाचरांची, मिठागरांची आणि डोंगराकडेच्या पाड्यांची गावे. गावपण ओसरले, तरी शेती पुरती ओसरली नाही. चेणे, वरसावे, काजूपाडा या बाजूला पावसाळ्यात गेले की भाताची आवणी दिसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतल्या पाड्यांवर वारली कुटुंबे भाजी पिकवतात, रानातला मेवा आणतात आणि स्टेशनबाहेर टोपली मांडून विकतात. आपल्यापैकी अनेक गृहिणींनी त्या टोपलीतली रानभाजी घासाघीस करून घेतली असेल.

२०२० च्या मार्च महिन्यात ही टोपली नाहीशी झाली. २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. कोकणपट्टीतल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा काळ फार नाजूक असतो. उन्हाळी भाजी काढणीला आलेली असते, कैरी, करवंदे, जांभळे, ताडगोळे यांचे दिवस सुरू व्हायचे असतात आणि त्याच वेळी पुढच्या भातासाठी राब भाजायचे असतात. म्हणजे हाती पैसा येण्याचा आणि हातचा पैसा बियाण्यात घालण्याचा, असे दोन्ही हंगाम एकावर एक येतात. लोकल बंद, स्टेशने ओस, रस्त्यावर पोलीस. मे महिन्यात वाशीची बाजार समितीही आठवडाभर बंद ठेवावी लागली. मोठ्या शेतकऱ्याचा टेंपो अडला त्याची बातमी झाली. डोक्यावर टोपली घेऊन चालत येणारी बाई अडली त्याची बातमी होण्याचे कारण नव्हते.

अशा वेळी शासनाने काय केले? टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठीचा मुख्य भाग होता प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे सुरू झाली होती; वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. प्रारंभी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, नंतर सर्व शेतकरी कुटुंबांना खुली झाली. २०२०-२१ चा पहिला हप्ता एप्रिलमध्येच सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना देण्याचे ठरले आणि तो बव्हंशी दिलाही गेला. देशातली कार्यालये बंद असताना, तलाठी घरात आणि बँकेचा कारकून मास्क लावून अर्ध्या वेळेत काम करीत असताना, एवढ्या खात्यांत पैसे पोहोचले. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोहोचतात अशी कबुली १९८५ साली खुद्द तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी दिली होती. पस्तीस वर्षांनंतर पुरे दोन हजार पोहोचले, मधल्या कुणाचा हात न लागता पोहोचले. जनधन खाती, आधार आणि भ्रमणध्वनी यांची सांगड घालण्याचे काम आधीच्या काळात झाले नसते, तर महामारीत ते उभे करणे अशक्य होते. त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

परंतु श्रेय देताना हिशेबही चोख असावा. एप्रिलमध्ये मिळालेले हे २,००० रुपये अधिकचे नव्हते. वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता पुढे ओढून दिला होता. अडचणीच्या वेळी रोकड हाती पडली हे खरे, पण वर्षाची बेरीज तेवढीच राहिली. महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये आले ते मात्र नवे होते. आपल्या बाजूची गोष्ट सांगतानाही आकडा आहे तसाच सांगावा. कार्यकर्त्याचा शब्द लोकांत चालतो तो त्यामुळेच.

आता खरा प्रश्न. हे पैसे कुणाला मिळाले? नियमाने उत्तर सोपे आहे: १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव भूमिअभिलेखात धारक म्हणून होते, त्याच्या कुटुंबाला. जमीन शहरात आहे की खेड्यात, असा भेद योजनेने केलेला नाही. नागरी हद्दीतली जमीनही प्रत्यक्ष कसली जात असेल तर पात्र आहे. म्हणजे काशीमीऱ्याच्या शेतकऱ्याला नियमाने दार बंद नव्हते. अडचण निराळी होती. शहराच्या कडेला जमिनीचा भाव चढू लागला की सातबाऱ्यावरचे नाव आणि नांगर धरणारा हात यांची फारकत होते. ही फारकत इतर ठिकाणीही आहे, पण इथे ती पराकोटीला गेली आहे.

इथल्या एखाद्या सातबाऱ्याचा उतारा हाती घेऊन पाहावा. आजोबांचे नाव अजून जिवंत आहे, आजोबा जाऊन तीस वर्षे झाली आहेत. खाली भाऊ, बहिणी, भावांची मुले अशी वीस-पंचवीस नावे सामाईकात. इतर हक्कांत कुठे विकासकाशी केलेला करार, कुठे न्यायालयातला दावा. भाईंदर, मिरे, घोडबंदर या पट्ट्यात तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी राजवटीच्या एका पट्ट्याचा आधार घेऊन एका खासगी कंपनीने सांगितलेला हक्क स्थानिक भूमिपुत्रांच्या मानेवर पिढ्यान्‌पिढ्या बसला आहे. आणि प्रत्यक्ष शेतात कोण आहे? कुणीतरी खंडाने घेतलेले आहे, कुणी अर्धलीने करतो आहे, कुणी मालकाच्या तोंडी परवानगीने दोन खाचरे लावतो आहे. कागद कुणाजवळच नाही.

कागद का नाही, याचे कारणही समजून घेतले पाहिजे. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनी लाखो कुळांना मालक केले. त्या काळी ते न्यायाचेच पाऊल होते. पण तेव्हापासून 'कूळ लागेल' ही भीती प्रत्येक जमीनधारकाच्या मनात ठाण मांडून बसली. दुसऱ्याला जमीन कसायला दिली तर लेखी काही करायचे नाही, ही रीत पडली. धारकाव्यतिरिक्त कुणी जमीन कसत असेल तर त्याची माहिती घेण्यासाठी महसूल खात्यात नमुना चौदा आहे. तो किती गावांत मनापासून भरला जातो, हे आपल्या तलाठ्याला एकदा आदराने विचारून पाहावे. ज्या कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली, त्याच कायद्याच्या धाकाने आजचा कसणारा कागदावरून पुसला गेला. हे कुणा एकाचे पाप नाही. तरी एप्रिल २०२० मध्ये त्याचे फळ असे मिळाले की भाजी ज्याची सडली त्याच्या खात्यात काही आले नाही, आणि ज्याने दहा वर्षांत बांधावर पाय ठेवला नव्हता त्याच्या भ्रमणध्वनीवर पैसे जमा झाल्याचा संदेश वाजला.

पाड्यांची स्थिती याहून बिकट आहे. माशाचा पाडा, डाचकुलपाडा अशा वस्त्यांत राहणाऱ्या वनवासी कुटुंबांपैकी बहुतेकांच्या नावावर सातबाराच नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या वनवासी कुटुंबाला त्या जमिनीचा हक्क मिळू शकतो, राष्ट्रीय उद्यानाची जमीनही त्यातून वगळलेली नाही, आणि असा पट्टा असेल तर किसान सन्मान निधीही मिळतो. परंतु कायद्याने दाव्याची पहिली पायरी ठेवली आहे ती ग्रामसभेत. महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कुठून आणायची? तीच गत रोजगार हमीची. गरीब कल्याण पॅकेजमध्ये मनरेगाची मजुरी सरासरी १८२ वरून २०२ रुपये केली गेली, पण ती योजना ग्रामीण भागासाठी होती. पाडा डोंगरात, झोपडी कुडाची, पाणी विहिरीचे; पण पत्ता महानगरपालिकेचा. म्हणून जॉबकार्ड नाही.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना मंजूर केली. 'खावटी' हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा खाण्यापुरते जे उसने घ्यावे लागते ती खावटी. पूर्वी हे कर्ज म्हणून मिळे; या वेळी कुटुंबामागे ४,००० रुपयांचे पूर्ण अनुदान ठरले. निम्मे खात्यात, निम्मे वस्तुरूपाने: मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, मीठ, मसाला, चहा. लाभार्थी कुटुंबे ११ लाख ५५ हजार, तरतूद सुमारे ४८६ कोटी. योजना चांगली होती, सातबारा मागत नव्हती. पण तिच्यातला सर्वांत मोठा गट, चार लाख कुटुंबांचा, ठरला तो मनरेगाच्या कामावर आधीच्या वर्षात निदान एक दिवस गेलेल्यांचा! ज्या पाड्याला जॉबकार्डच मिळू शकत नाही त्याने त्या गटात शिरायचे कसे? उरलेल्या गटांतून काही कुटुंबे आली असतील. शिवाय प्रत्यक्ष वाटप बहुतेक ठिकाणी २०२१ साल उजाडल्यावर झाले. भुकेच्या पावसाळ्याची खावटी पुढच्या वर्षी हाती पडली. या ठिकाणी दोष एखाद्या पक्षाच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा. खात्यांच्या याद्या एकमेकींवर बेतलेल्या असतात आणि एका यादीत नसलेला माणूस सगळ्याच याद्यांतून निसटतो.

मदत कुणाला द्यायची याविषयी आपल्याच मातीत एक विचार होऊन गेला आहे, त्याचे स्मरण इथे अप्रस्तुत होणार नाही. ५ सप्टेंबर १६७६ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठवलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. दक्षिण कोकणातल्या त्या सुभेदाराला महाराज सांगतात की गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे त्याची विचारपूस करावी. त्याला बैल नसतील तर बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला दाणे नसतील तर खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, आणि वसुली करताना वाढीदिढी न लावता मुद्दलच हळूहळू, त्याला ताकद येईल तसे घ्यावे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी चालेल, अशी मुभा त्यात आहे.

या पत्रात मदतीची कसोटी काय आहे ते पाहण्यासारखे आहे. जमीन पेरण्याची शक्ती कुणात आहे आणि त्याचे कशावाचून अडले आहे, एवढेच सुभेदाराने पाहायचे आहे; आणि ते कचेरीत बसून नव्हे, गावात जाऊन. अर्थात, एका सुभ्याचा कारभार आणि १४० कोटींचा देश यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. सुभेदार चार गावे विसरला असता तर त्याला विचारणारे कुणी गावात असेलच असे नाही. संगणकाच्या यादीतून सुटलेला माणूस निदान तक्रार नोंदवू शकतो. आणि गावोगाव फिरणारा अधिकारी म्हटला की त्याच्या मागे चिरीमिरी आलीच, हा अनुभवही जुनाच आहे. थेट खात्यात पैसे देण्याची पद्धत मोडून पुन्हा हातोहात वाटपाकडे जावे, असे कुणीही सुचवणार नाही. पण यादीत नाव घालण्याआधी कुणीतरी बांधावर जाऊन आले पाहिजे.

हे अशक्य नाही, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. ओडिशाने २०१८-१९ मध्ये 'कालिया' योजना आणली, तिच्यात भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही शेळीपालन, अळिंबी यांसारख्या पूरक व्यवसायांसाठी १२,५०० रुपयांची तरतूद होती. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यासाठी स्वतंत्र हक्कपत्राचा कायदा केला. मालकाच्या हक्काला धक्का न लावता अकरा महिन्यांपुरते कसणाऱ्याला ओळख द्यायची, ही त्याची कल्पना. अंमलबजावणीत मालकाच्या सहीवर गाडी अडली हे खरे, तरी दिशा योग्य होती. उलट तेलंगणाच्या रयतु बंधू योजनेत एकरी मदत होती आणि खंडकरी बाहेर होता, त्यामुळे जितकी जमीन मोठी तितका धनादेश मोठा. अमेरिकेतही २०२० साली कोरोना साहाय्य म्हणून शेतकऱ्यांना थेट १६ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर झाले, एका व्यक्तीची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर. मदत नुकसानीच्या प्रमाणात असल्यामुळे मोठ्या शेताला मोठी. त्या मानाने एका एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला सारखेच दोन हजार देणारी आपली योजना लहान शेतकऱ्याला अधिक अनुकूल आहे, हे नि:संशय. फक्त त्या लहान शेतकऱ्याचे नाव कागदावर हवे.

आता थोडे आपल्याकडे वळू. काशीमीरा आणि मीरा रोडच्या इमारतींत राहणारी कित्येक कुटुंबे मूळची रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारी. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या खाली या मंडळींची नावे आहेत. ३ जून २०२० रोजी, महामारी ऐन भरात असताना, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. राज्य शासनाने फळबागेची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. आकडा मोठा वाटतो. पण कोकणात वाडी गुंठ्यांनी मोजतात. गुंठ्याला साधारण ५०० रुपये पडतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार. आणि तेवढ्यासाठीसुद्धा सामाईक खात्यातील सहहिस्सेदारांचे संमतीपत्र हवे. गावी वाडी राखणारा चुलतभाऊ एक, आणि सह्या करणारे डोंबिवलीत, मीरा रोडला, कुणी पुण्याला, कुणी परदेशात. टाळेबंदीत कोण कुणाकडे जाणार? काही घरांत सही मागायला आलेल्या फोनवर 'आमचा वाटा किती?' असा प्रश्न विचारला गेला असेल, तर तो कुणाच्या तोंडचा होता हे ज्याने त्याने आठवावे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आयकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकरदार, मोठे निवृत्तिवेतनधारक किसान सन्मान निधीला अपात्र आहेत. असे असताना जुलै २०२० पर्यंत देशातल्या २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे माहिती अधिकारात उघड झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. पंजाब आणि आसामच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता, सुमारे २ लाख ८६ हजार. पुढे वसुलीच्या नोटिसा निघाल्या. तमिळनाडूत तर मध्यस्थांनी खोटी नावे घुसवून ११० कोटींचा गैरव्यवहार केला. तो गुन्हेगारीचा भाग, पोलिसांचे काम. पण आपले हे पावणेतीन लाख कोण? पगारावर आयकर कापून जाणारी, सुशिक्षित, घरी वर्तमानपत्र येणारी माणसे. 'नाव सातबाऱ्यावर आहे, मग घेतले तर काय बिघडले?' असे म्हणणारी. ज्या महिन्यात पाड्यावरची चूल पेटत नव्हती त्याच महिन्यात हे दोन हजार अशा खात्यांत पडून होते. ज्यांच्याकडून चुकून घेतले गेले असतील त्यांनी ते परत करण्याची सोय योजनेच्या संकेतस्थळावर आहे. नोटिशीची वाट पाहण्याचे कारण नाही.

महामारी सरली, पण प्रश्न संपला नाही, उलट अधिक नेमका झाला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला आणखी ६,००० रुपये त्याच यादीवर मिळू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी भ्रमणध्वनीवरून, शेतकऱ्याने स्वतः करायची झाली. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला आणि तो क्रमांकही सातबाऱ्यावरच उभा आहे. प्रत्येक नवी यादी जुन्या यादीवरून तयार होते. उद्या दुसरी महामारी आली, वादळ आले, अवकाळी पाऊस आला, तर मदत आणखी झपाट्याने पोहोचेल. आणि ज्याचे नाव नाही तो आणखी झपाट्याने वगळला जाईल.

यात कार्यकर्त्याने करण्याजोगे बरेच आहे आणि ते आंदोलनाचे नाही, चिकाटीचे आहे. पहिले काम वारस नोंदीचे. राज्य शासनाने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर हाती घेतली, ती मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच. मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांचे पत्ते व दूरध्वनी एवढे जमवून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यायचा. तो ऑनलाइनही देता येतो. गावच्या जमिनीसाठी मुंबईकर भावाने ही खटपट केली तर गावच्या भावाचे अर्धे ओझे उतरेल. जिथे भाऊ एकटाच कसतो आहे तिथे त्याच्या नावे संमतीपत्र एकदाच सविस्तर करून ठेवावे. वादळ आल्यावर सह्या गोळा करीत फिरू नये. पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय १९९२ पासून आहे, तिचाही विसर पडू देऊ नये.

पाड्यांवरचे काम अधिक अवघड. तिथे आधी घरोघर जाऊन नुसते लिहून घ्यायचे आहे: कोण कुठली जमीन कसतो, केव्हापासून, कुणाच्या तोंडी परवानगीने, आधार आहे का, बँकेचे खाते चालू आहे की व्यवहार न झाल्यामुळे बंद पडले आहे, जातीचा दाखला मिळाला का, २००५ पूर्वीच्या वास्तव्याचा एखादा दंडाचा कागद, जुनी शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव घरात आहे का. वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती हीच पुढे हक्काचा पुरावा ठरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि ती पावती चुलीत जाते. कायद्याचे पदवीधर आपल्यात आहेत; ग्रामसभेच्या अडचणीवर प्रांत कार्यालयात नीट लेखी निवेदन देऊन उत्तर मागणे त्यांना अशक्य नाही.

खरिपाची पीक पाहणी साधारण ऑगस्टपासून सुरू होते. पाड्यावर जायचे तर आवणी आटोपल्यानंतरचा आठवडा बरा पडेल. त्या दिवसांत माणसे दुपारी घरी सापडतात, आणि संध्याकाळी बाया टोपल्या घेऊन पुन्हा स्टेशनकडे निघालेल्या असतात.